दुपट्ट्याखालचे अठरा हजार

मित्रांनो, मी दुपट्टा आहे. जुना आहे असं लोक म्हणतात. मी वाद घालत नाही, कारण म्हणणाऱ्यांतले निम्मे माझ्यापेक्षा जुने आहेत. शाळेत तुम्हाला फाटक्या पुस्तकाचं, मोडक्या छत्रीचं आणि तोडलेल्या झाडाचं मनोगत लिहायला सांगतात, आणि त्यात शेवटी सगळे रडतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी सुती आहे. ओला राहिलो तर मला वास येतो.

नागभीडकडच्या एका कोष्ट्याच्या मागावर माझा जन्म झाला. पांढरं अंग, तांबडे काठ, लांबी साडेपाच हात. एका लग्नात नवरदेवाच्या मामाला आहेर म्हणून द्यायला मला विणलं होतं. पण मामाला हिरवे काठ हवे होते. तो रुसला आणि मंडपाबाहेर जाऊन बैलगाडीखाली बसला. हिरवा दुपट्टा येईपर्यंत लग्न दोन तास थांबलं. म्हणजे मी जगात पाऊल टाकलं ते एक लग्न अडवून. दुपट्ट्याला पाऊल नसतं हे मला माहीत आहे, पण अडवता येतं.

त्या लग्नात नको झालेला मी लियाकतभाईंना स्वस्तात मिळालो. लियाकतभाई राजुऱ्याच्या अलीकडच्या आमच्या बाजारगावातले बैलांचे दलाल. त्यांना काठाच्या रंगाशी काही घेणं नव्हतं. त्यांनी मला उजेडात धरलं, आरपार काही दिसत नाही याची खात्री केली आणि खांद्यावर टाकलं. त्या दिवसापासून मी कामाला लागलो.

माझं काम सांगतो. आमच्या बैलबाजारात भाव तोंडानं होत नाही. विकणाऱ्यानं आणि दलालानं हातात हात घ्यायचा, वरून दुपट्टा टाकायचा आणि आत बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक. अख्खा पंजा म्हणजे पाच. एक म्हणजे शंभर की हजार, तेवढं आधी चारचौघांत मोठ्यानं सांगून टाकायचं. मग दलाल तसाच घेणाऱ्याकडे जातो, त्याचा हात धरतो, पुन्हा वर दुपट्टा. बाहेर लोक बिड्या ओढत उभे असतात. आत काय चाललंय ते फक्त दोन हातांना माहीत, आणि मला.

या धंद्यात एकच नियम कडक होता. सौदा ठरण्याआधी ज्यानं हात बाहेर ओढला तो पळाला. पळालेल्या माणसाला पुढचे चार बाजार लोक नावानं हाक मारत नाहीत, 'पळालेला' म्हणतात. एक भला गृहस्थ फक्त शिंक आली म्हणून पळालेला ठरला होता.

अठरा वर्षं मी हे काम केलं. किती बैलांचे भाव माझ्याखाली ठरले, आणि नवऱ्यांनी घरी जाऊन बायकोला किती सांगितले, हे मी दोन्ही जाणतो. मी कधी बोललो नाही. "दुपट्टा असावा तं लियाकतचा," असं लोक म्हणायचे. मला अभिमान होता. आजही आहे. कमी करायला कोणी सांगितलं तरी मी करणार नाही.

आता गिरजाबाईचं सांगतो, कारण त्याशिवाय माझ्या आयुष्यात नुसते बैलच उरतात.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. गिरजाबाई शेजारच्या गावची. नवरा सोमाजी चार वर्षांपूर्वी गेलेला. घरात ती, म्हातारी सासू बायनाबाई आणि शाळेत जाणाऱ्या दोन पोरी. त्यांचं शेत कोळशाच्या खाणीत गेलं. पुढच्या उन्हाळ्यात गावही उठणार होतं. शेताचे वीस हजार हातात आले होते. ते घर होण्याआधी संपले असते, तर चार बायांनी कुठं जायचं याचं उत्तर कोणाच्याच कागदावर नव्हतं.

त्याच वेळी आमच्या बाजारगावातल्या शाळेच्या गल्लीत गुणवंतरावांचं घर विकायला निघालं. गुणवंतराव लाकडाच्या ओढीचे ठेकेदार. जंगलातून ओंडके ओढायला त्यांच्याकडे आठ बैलजोड्या होत्या, सगळ्या माझ्याखालून गेलेल्या. आता ट्रक आले, बैल गेले, आणि गुणवंतराव नागपूरला मुलाकडे निघाले. घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, खांब सागवानी, आणि परसात बारमाही पाण्याची विहीर.

गिरजाबाईचं घराणं छप्पन साली बौद्ध झालं. तीस वर्षं झाली, तरी गुणवंतरावांच्या हातांना ही बातमी अजून पोचली नव्हती. ते माणूस वाईट नव्हते. गिरजाबाई दर साली त्यांच्या बैलांसाठी कडबा आणायची, पैसे ते पुरेपूर द्यायचे. फक्त वरून टाकायचे, वीतभर अंतर ठेवून, झाडाला पाणी घालावं तसे.

घर घ्यायचं म्हणून ती त्यांच्याकडे गेली, तेव्हा ते म्हणाले, "गिरजा, तुले झेपणार नाई. राजुऱ्याची एक पार्टी पंचवीस देऊन राह्यली."

"कधी येऊन राह्यली पार्टी?"

"येऊनच राह्यली."

मित्रांनो, ती पार्टी अजूनही येऊनच राह्यली आहे.

मग गुणवंतरावांनी एक अट घातली. भाव बोलायचा तर दुपट्ट्याखाली, लियाकतभाईंच्या. कारण असं होतं की, त्यांचा धाकटा भाऊ पत्रू त्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचा, आणि घर नेमकं कितीला गेलं हे त्याला कळू नये अशी थोरल्या भावाची प्रेमळ इच्छा होती.

गिरजाबाई लियाकतभाईंकडे आली. "लियाकतभाऊ, माह्यासाठी घर पाहून द्या."

लियाकतभाईंनी जन्मात बैलाशिवाय काही पाहिलं नव्हतं. पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी मला खांद्यावर टाकलं आणि आम्ही घर पाहायला गेलो. ते घराभोवती तीन चकरा फिरले. खांबावर थाप मारली. भिंतीला कोपर लावून ढकलून पाहिलं. दाराची कडी वर करून आत डोकावले, कदाचित दात मोजायला.

"जुळलेलं हाय," ते म्हणाले. बैलाचे सगळे दात आले की तो जुळला म्हणतात. "वय झालं, पण काम देते. पुढचे पाय एक नंबर. मागचा उजवा कमजोर हाय."

मागची उजवी भिंत खरोखरच वाकलेली होती. मला त्यांचा अभिमान वाटला.

"पण पक्का भाव मी आत्ता नाई सांगत," ते म्हणाले. "चालवून पाह्यल्याबिगर मी कोणाले भाव सांगितला नाई."

"लियाकतभाऊ," गिरजाबाई म्हणाली, "हे घर चालाले लागलं तं मीच नाई घेत."

नंतरचे दोन दिवस गिरजाबाईनं तिच्या पद्धतीनं काढले. घरासमोर कोलूचं चहाचं दुकान होतं, तिथल्या बाकावर ती सकाळपासून बसून राहिली. ऊन कुठून येतं, पावसाचं पाणी कुठं तुंबलं असेल, विहिरीवर कोण कोण येतं, सगळं पाहिलं. उधई, म्हणजे वाळवी, लागलेला वासा तिनं रस्त्यावरूनच ओळखला. कोलूनं तिच्याकडून चहाचे पैसे घेणं दुसऱ्या दिवशी सोडून दिलं, कारण त्याला वाटलं ती आता दुकानाचीच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी लियाकतभाई तिच्याशेजारी येऊन बसले.

"याच गल्लीत मास्तरचं घर मागच्या साली गेलं," ती म्हणाली. "सोळा हजाराले. एवढंच घर, पण विहीर नव्हती. विहिरीचे तीन धरा. एकोणीस. मागची भिंत पाडून बांधा लागन, त्याचा एक काढा. अठरा. घर अठराचं हाय."

"बरोबर," लियाकतभाई म्हणाले. "म्हणून आपून नऊपासून सुरू करू."

"नाई. अठराच सांगीन. एकदाच."

लियाकतभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "गिरजाबाई, ऐसा नाई होत धंद्यात. तो पंचवीस म्हणन, तुमी नऊ म्हणा लागते. मंग दोघानंबी थोडं थोडं रडा लागते. त्याले सौदा म्हणतेत. पहिलाच आकडा खरा सांगतला तं समोरचा काय समजन?"

"खरा हाय, असं समजन."

"कोणीच नाई समजत असं!"

"हे पाहा लियाकतभाऊ. शेताच्या टायमाले साहेबानं आकडा कागदावर लिहूनच आणला होता. मी इचारलं, हे कोणी ठरवलं? तं म्हणे, ठरलं हाय. माह्या सासऱ्यानं दगड वेचून केलेलं वावर, आन् ठरवताना मले कोणी इचारलं नाई. आता माही पाळी हाय. आकडा मी ठरवला. नऊ म्हणून रडाची नाई मी."

"मंग माही गरज काय राह्यली?" लियाकतभाई दुखावून म्हणाले.

तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "दुपट्टा लागते न."

मित्रांनो, तोवरच्या इतक्या वर्षांत कोणी माझं इतकं सरळ कौतुक केलं नव्हतं. लियाकतभाईंना मात्र ते दिवसभर लागून राहिलं.

सौद्याची बैठक रविवारी सकाळी गुणवंतरावांच्या ओसरीवर बसली. एका खाटेवर गुणवंतराव बसले, मधे लियाकतभाई, आणि पलीकडे दोन हातांवर चटईवर गिरजाबाई. चटई तिनं घरून आणली होती, म्हणजे खाली कुठं बसायचं हा प्रश्न कोणाला सुचण्याआधीच ती बसलेली होती. कोलू दुकान सोडून आला. गल्लीतले दहा-बारा जण आले. पत्रूही मागच्या खोलीतून आला आणि खांबाला टेकून कुठंच पाहत नसल्यासारखा पाहू लागला.

"एक बोट हजार," लियाकतभाईंनी मोठ्यानं सांगितलं. गुणवंतरावांनी मान हलवली आणि लियाकतभाईंच्या दिशेनं हात पुढे केला. लियाकतभाईंनी मला झटकलं.

"थांबा," गिरजाबाई म्हणाली. "इकडून तिकडं फेऱ्या काऊन? घेणार मी हाव. मी तं इथीच बसली हाव."

तिनं हात पुढे केला.

गुणवंतराव हसले. "अशी पद्धत नाई, गिरजा. दलाल असते मधात."

"लियाकतभाऊ, मालक अन् घेणारा थेट हात नाई धरत का?"

लियाकतभाईंनी डोकं खाजवलं. ते खोटं बोलणारे नव्हते. निदान बैलाचं वय सोडून. "धरतेत," ते म्हणाले. "ओळखीचे असले तं धरतेत."

"मंग? आमी वीस वर्सांचे ओळखीचे हाव."

"पण बाईमाणूस..." गुणवंतराव म्हणाले.

"त्याचा नियम नाई," लियाकतभाई विचार करून म्हणाले. "कोणाच्या ध्यानातच नाई आलं तसा नियम कराचं."

"दादा, अट तं तूच घातली दुपट्ट्याची," खांबाजवळून पत्रू म्हणाला. आयुष्यभर थोरल्या भावाचं ऐकलेल्या माणसाला अशी संधी फार वेळा मिळत नाही.

गुणवंतरावांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग, विहिरीत पडलेली बादली काढायला हात घालावा तसा, त्यांनी हात घातला. लियाकतभाईंनी मला वर सोडलं.

आता आतलं फक्त मीच सांगू शकतो. आजवर गप्प राहिलो, पण ही एक गोष्ट मी लपवणार नाही.

गिरजाबाईचा हात कोरडा होता, निंदण करून घट्टे पडलेला. गुणवंतरावांचा हात आत आला आणि पिंजऱ्यात सापडलेल्या उंदरासारखा एका कोपऱ्यात जाऊन बसला. तिनं तो धरला. घाई नाही, जोर नाही. पंजा. पंजा. पंजा. तीन बोटं. अठरा.

गुणवंतरावांनी बोटांच्या टोकांनी, तवा तापलेला असावा तसे, चार पंजे आणि दोन बोटं दाबली. बावीस. पार्टीचे पंचवीस बाहेरच राहिले होते.

पंजा. पंजा. पंजा. तीन बोटं.

एकवीस.

पंजा. पंजा. पंजा. तीन बोटं. प्रत्येक बोट ती वेगळं, नीट, शेंग निवडावी तसं दाबत होती. एक आकडा सांगायला दुसरा कोणी दोन क्षण घेईल, तिथं ती बिडी ओढून होईल एवढा वेळ घ्यायची.

"यंदा तूर बरी हाय म्हणतेत," ती बाहेर म्हणाली.

"हो हो," गुणवंतराव म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला. हाताचा घाम माझ्या वाट्याला आला. घाम टिपणं हे माझं कामच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण एवढा घाम तर जुळलेल्या बैलाला चार दातांचा सांगणाऱ्यालाही कधी आला नव्हता.

वीस. लगेच एकोणीस. गुणवंतराव आता तिच्या उत्तराची वाट न पाहता उतरत होते, जिन्यावरून पाय घसरलेल्या माणसासारखे. हात ओढता येत नव्हता, ओढला तर पळाले. आणि पत्रू तर डोळा मिटायला तयार नव्हता.

पंजा. पंजा. पंजा...

तिची बोटं व्हायच्या आतच गुणवंतरावांनी तीन पंजे दाबले आणि थांबले. पंधरा. आणि ओठ न हलवता पुटपुटले, "झालं. सोड आता."

गिरजाबाईचा हात थबकला.

मित्रांनो, त्या हाताच्या आत काय चाललंय ते मला कळत होतं. तीन हजार म्हणजे मागची भिंत. उधईचा वासा. दोन पोरींची वह्या-पुस्तकं आणि बायनाबाईच्या डोळ्यांचं ऑपरेशन. एक बोट दाबायचीही गरज नव्हती, पटलं म्हणून नुसता हात सोडायचा होता. लोकांनी तिला हुशार म्हटलं असतं. मीही म्हटलं असतं, आणि मी बैलांत वाढलो आहे.

तिनं हात सोडला नाही. ती मोठ्यानं बोलली.

"गुणवंतराव, पंधरा काऊन?"

बिड्या विझल्या. दुपट्ट्याखालचा आकडा दुपट्ट्याबाहेर बोलणारं माणूस त्या बाजारात कोणी पाहिलं नव्हतं. लियाकतभाईंनी डोळे मिटून घेतले.

"घर अठराचं हाय," ती म्हणाली. "मी दोन दिवस बसून पाह्यलं. अठराच्या खाली तुमी काऊन गेले ते मले समजते, आन् तुमालेबी समजते. हे तीन हजार घराचे नाई, माह्या हाताचे हायेत. माह्या हाताची सूट मले नको."

"गिरजा, कमीच घेऊन राह्यलो न मी! तुह्या फायद्याचं..."

"माह्या वावराचा भाव असाच दुसऱ्यानं कमी केला. तुमच्या घराचा मी केला, तं मीबी त्यातलीच. अठरा म्हणा."

"बरं, अठरा. सोड."

"मोठ्यानं."

"अठरा!" गुणवंतराव ओरडले. "अठरा हजार, बाई! सोडा न आता!"

तिनं हात सोडला.

भाव वाढवून मागणारी घेणारी त्या ओसरीनं पहिल्यांदाच पाहिली. कोणी टाळी वाजवली नाही, कारण कोणाच्या बाजूनं वाजवायची हे कळेना. कोलूच्या दुकानावर दूध उतू गेलं होतं आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. लियाकतभाई खाली बसले आणि म्हणाले, "मले पाणी द्या कोणी." पत्रूनं तिथल्या तिथं अठराचा अर्धा किती ते बोटांवर मोजायला सुरुवात केली. त्या दोघा भावांचं पुढं काय झालं ती वेगळी आत्मकथा आहे. ज्यानं त्यानं आपली लिहावी.

गुणवंतराव तडक परसात गेले आणि विहिरीवर हात धुऊ लागले.

"धुवा, धुवा," मागून गिरजाबाई म्हणाली. "विहीर आता माही हाय, पण पाण्याले मी कोणालेच नाई म्हणणार नाई."

गुणवंतरावांचा हात बादलीतच राहिला. परत आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लियाकतभाईंना हळूच म्हणाले, "दुपट्टा धुऊन टाकजो, लियाकत."

लियाकतभाईंनी मला उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं. "काऊन?" त्यांनी विचारलं. "साफ तं हाय."

आणि मला तसंच खांद्यावर टाकलं.

पुढच्या मंगळवारच्या बाजारात दोन-तीन जण म्हणाले, "लियाकतभाई, दुसरा दुपट्टा आना." लियाकतभाई म्हणाले, "हाच हाय." ते लोक गेले. त्या महिन्यात आमच्याकडे फार सौदे झाले नाहीत. लियाकतभाई दर बाजारी मला पसरून बसायचे, रिकामे, पाठ ताठ. दुसरा दुपट्टा घेणं सोपं होतं. दुकान समोरच होतं. त्यांनी घेतला नाही. चार महिन्यांनी तेच लोक परत आले, कारण पेरणी तोंडावर आली आणि बैल काही स्वतःचा भाव स्वतः ठरवत नाहीत. आले आणि मुकाट्यानं हात घातले. मी कोणाचाही हात झाकायला नाही म्हटलं नाही. पण ओळखले सगळे.

त्याला तीन वर्षं झाली. आता गल्लोगल्ली ट्रॅक्टर आलेत. बाजारात बैल कमी आणि प्लास्टिकच्या बादल्या जास्त दिसतात. लियाकतभाईंचे गुडघे दुखतात. घरी त्यांच्या बेगम जाहिदाबी कधी माझ्यावर पापड वाळवतात, कधी माझ्यात डबा बांधतात. मला विरलेला म्हणतात. म्हणोत. मी विरलोय तो कामानं, कपाटात राहून नाही.

गिरजाबाईनं मागची भिंत पहिल्या पावसाळ्यात ताडपत्री लावून काढली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात बांधली, स्वतः माती कालवून. तिचं घर उभं आहे. पायी चालत नाही, यावर लियाकतभाई आजही थोडे नाराज आहेत.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूनं शेवटी काही विनंती करावी अशी रीत आहे. मी विनंती करत नाही, सांगतो. जुनं कापड फेकू नका, जपा. त्यानं तुमच्यापेक्षा जास्त हात पाहिलेले असतात. मला ठिगळ लावा, माझ्यावर पापड घाला, काहीही करा. आणि धुवायचं असेल तर खुशाल धुवा. धूळ बसली म्हणून धुवा, घामेजलो म्हणून धुवा. कोणाचा हात लागला म्हणून धुवायला घ्याल, तर सांगून ठेवतो, मी वाळणार नाही.